सेवेला आलेले पाहुणे

अमेरिकेतल्या एखाद्या चर्चचे जोडपे आठवडाभराच्या सेवाकार्यासाठी होंडुरसला येते, तेव्हा त्यांच्या पहिल्या दिवसाचा हिशेब कोणी ठेवत नाही. ठेवला तर तो साधारण असा दिसेल. विमान दुपारी उतरणार म्हणून स्थानिक मंडळीतला एक जण सकाळीच भाड्याची मिनीबस घेऊन विमानतळाकडे निघालेला असतो. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही येणारी एक तरुणी कॉलेज चुकवून दुभाषी म्हणून हजर असते. पाळकांच्या घरी बायका आदल्या दिवसापासून स्वयंपाकाला लागलेल्या असतात, कारण पाहुण्यांच्या पोटाला काय सोसेल आणि काय नाही याची यादी आधीच येऊन पडलेली असते. पिण्याचे पाणी विकत आणलेले असते. कोणीतरी आपली बरी खोली रिकामी करून दिलेली असते, मुलांनी स्वागताचे गाणे बसवलेले असते. संध्याकाळी प्रार्थना होते, ओळखी होतात, उद्याच्या कामाची माहिती दिली जाते आणि एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले ते दमलेले जोडपे झोपी जाते. सेवा त्या दिवशी झालेली असतेच, फक्त ती त्या जोडप्याची झालेली असते.

यात जोडप्याने लाजावे असे काही नाही. परक्या मुलखात पहिल्या दिवशी माणूस दुसऱ्यांच्या आधारानेच उभा राहतो. माझी तक्रार वेगळी आहे. परतल्यावर चर्चला जो अहवाल दिला जातो त्यात हा दिवस ‘प्रवास’ एवढ्या नोंदीत आटोपतो, आणि पुढचे पाच-सहा दिवस मात्र ‘सेवा’ म्हणून छायाचित्रांसकट तपशीलवार येतात. माझ्या मते अशा यात्रेतला सर्वात खरा दिवस हा पहिलाच असतो. त्या दिवशी कोण कोणाच्या उपयोगी पडते हे स्वच्छ दिसते. पुढच्या दिवसांत हातात फावडे आल्यामुळे ते झाकले जाते, एवढेच. परदेशी सेवायात्रेला जायचेच असेल तर पहिल्या दिवसाचे नाते शेवटपर्यंत टिकवावे, म्हणजे पाहुणा म्हणून जावे, पाहुण्याचा खर्च स्वतः सोसावा, आणि कामासाठीचा पैसा तिथल्या माणसांच्या हाती त्यांच्या निर्णयावर सोपवावा.

हा काही मूठभर हौशी लोकांचा मामला नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांनी २००५च्या सुमारास केलेल्या पाहणीवरून अंदाज बांधला होता, की दरवर्षी अमेरिकी चर्चचे सोळा लाखांच्या आसपास सभासद अशा अल्पमुदतीच्या मोहिमांवर परदेशी जातात. मुक्काम बहुधा आठ-दहा दिवसांचा. ग्वाटेमाला, होंडुरस, हैती, केनिया, युगांडा, कंबोडिया ही नेहमीची ठिकाणे. कोणी शाळेच्या भिंती रंगवते, कोणी घर बांधते, कोणी दवाखाना मांडते, कोणी मुलांसाठी बायबलचे वर्ग घेते. विद्यार्थ्यांचे गट यात जास्त असले तरी निवृत्तीकडे झुकलेली जोडपीही कमी नसतात. मुले मोठी झालेली, हाती थोडा पैसा, थोडी सवड, आणि आजवर मिळाले त्यातले काही परत द्यावे ही इच्छा. या इच्छेची थट्टा करणे सोपे असते. तो या लेखाचा हेतू नाही, आणि तशा थट्टेतून आजवर कोणा गरिबाचे घर उभे राहिल्याचे ऐकिवात नाही.

घराचीच गोष्ट घेऊ. १९९८च्या ऑक्टोबरअखेर मिच चक्रीवादळाने होंडुरस झोडपून काढला. हजारो माणसे गेली, गावेच्या गावे चिखलाखाली दबली. पुढची काही वर्षे उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट तिथे घरे बांधायला येत राहिले. मिशिगनमधल्या कॅल्व्हिन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक होंडुरसमध्येच राहत होते. ते स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती. या घरांचा पुढे काय परिणाम झाला हे त्यांनी तपासायला घेतले. काही कुटुंबांची घरे परदेशी गटांच्या हातून बांधली गेली होती, काहींची होंडुरसमधल्याच ख्रिस्ती संस्थांनी बांधली होती. दोन्हींची तुलना केली तेव्हा घरमालकांच्या आयुष्यात किंवा समाधानात सांगण्यासारखा फरक आढळला नाही. पाहुण्यांनी बांधले म्हणून घर जास्त आनंदाचे झाले नाही, की श्रद्धा अधिक दृढ झाली नाही. फरक पडला तो खर्चात. एक घर बांधायला साधारण दोन हजार डॉलर लागत होते, आणि ते बांधायला येणाऱ्या गटाचा येण्याजाण्याचा खर्च सुमारे तीस हजार डॉलर होत होता. भागाकार कोणीही करावा. एका गटाच्या विमानभाड्यात आणि मुक्कामात पंधरा घरे झाली असती. ती बांधणारे गवंडी आणि बिगारी वादळाने उघड्यावर आणलेल्या त्याच गावांतून निघाले असते, आणि मजुरी गावातल्याच दुकानांत खर्च झाली असती.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हा पैसा घरांसाठी कधी आलाच नसता. ओहायोतल्या माणसाला होंडुरससाठी देणगी मागा, तो वीस डॉलर काढील. स्वतः जायचे म्हटले की नातेवाइकांना पत्रे लिहून, चर्चमध्ये केक विकून दोन-तीन हजार उभे करील. म्हणजे विमानभाडे वाचवून घरे बांधण्याचा हिशेब कागदावरच खरा. शिवाय जाऊन आलेला माणूस बदलतो, पुढे आयुष्यभर जास्त देतो, असेही म्हटले जाते. यातला पहिला भाग मला मान्य आहे. माणसाचे मन असेच चालते आणि ते बदलण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. दुसरा भाग मात्र पुराव्यावर टिकत नाही. व्हेर बीक यांनी जाऊन आलेल्यांना विचारले तेव्हा अनेकांनी आपले देणे वाढल्याचे सांगितले, पण देणग्यांच्या प्रत्यक्ष नोंदी पाहिल्या तेव्हा त्या सांगण्याला तेवढा आधार मिळाला नाही. खोटे बोलण्याचा हेतू त्यांचा नसणार. आपण बदललो असे वाटणे आणि दर महिन्याला धनादेश लिहिणे यांत बरेच अंतर असते, आणि हे अंतर ओळखायला ख्रिस्ती असण्याची गरज नाही.

समजा, माणूस खरोखरच बदलतो. जग पाहतो, आपली सुबत्ता त्याला टोचू लागते, प्रार्थनेत त्याला नवी नावे आठवतात. हे मोलाचे आहे, पण हे शिक्षण झाले, आणि शिक्षणाचा खर्च शिकणाऱ्याने करायचा असतो. इथेच अप्रामाणिकपणा शिरतो. पत्र लिहून जेव्हा पैसे मागितले जातात तेव्हा त्यात ‘आम्हाला जग पाहायचे आहे, हातभार लावा’ असे नसते. ‘गरिबांसाठी घर बांधायला निघालो आहोत, साहाय्य करा’ असे असते. देणगीदार घरासाठी देतो आणि पैसे जातात विमान कंपनीकडे. चर्चला हे बदलणे मुळीच अवघड नाही. प्रवासाचा खर्च जोडप्याने स्वतःच्या सुट्टीच्या पैशांतून करावा, आणि लोकांकडून गोळा केलेला डॉलर न् डॉलर स्थानिक कामाला जावा. तसा नियम केला तर निम्मे लोक जाणार नाहीत, असे कोणी म्हणेल. मग ते निम्मे लोक कशासाठी जात होते, हेही त्यातून कळेल.

पाहुणेपण कबूल केले की आणखी एक गोष्ट आपोआप सरळ होते. सेवेकऱ्याला नेणारा-आणणारा, त्याच्यासाठी रांधणारी, त्याचे बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारी ही सगळी माणसे सेवेच्या हिशेबात ‘सहकारी’ ठरतात आणि सहकाऱ्याला मजुरी द्यायची नसते. पाहुण्याच्या हिशेबात तो चालक असतो, ती आचारी असते, ती दुभाषी असते, आणि प्रत्येकाचा दर असतो. पर्यटनातून गरीब देशांना मिळकत होते हे सेवायात्रेच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. बरोबरच आहे. मग पर्यटकासारखी मजुरी मोजा, आणि भिंत रंगवण्याचे काम ज्याचा तो पोटाचा धंदा आहे त्या रंगाऱ्याला करू द्या.

महाराष्ट्राने अशी एक यात्रा जवळून पाहिली आहे. २००६मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन लोणावळ्याजवळ मळवलीच्या परिसरातल्या पाटण गावी आले होते. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या ख्रिस्ती प्रेरणेच्या संस्थेचा तो उपक्रम होता. देशोदेशींचे स्वयंसेवक जमले होते आणि आठवडाभरात शंभर घरे उभारण्याचा संकल्प होता. ब्रॅड पिट येऊन गेल्याने वृत्तपत्रांचे रकाने भरले हेही अनेकांना आठवत असेल. माझ्या म्हणण्याला हे उदाहरण छेद देते का? वरवर पाहता देते. ऐंशी ओलांडलेला माजी अध्यक्ष हातोडी घेऊन उभा राहतो तेव्हा विमानभाड्याचा हिशेब काढणे कद्रूपणाचे वाटेल. पण कार्टरांना सुतारकाम खरोखर येत होते, ते घरी स्वतः फर्निचर बनवत. हॅबिटॅटच्या बांधकामावर ते दोघे १९८४पासून दरवर्षी राबत होते. आणि त्यांच्या येण्याने जो पैसा आणि जे लक्ष त्या कामाकडे वळले ते ओहायोतल्या कोणाच्या येण्याने वळणार नाही. हा अपवाद आहे आणि अपवाद म्हणूनच तो मोलाचा. शंभर घरांच्या त्या कथेत मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो संस्थेचा मूळ नियम: घर फुकट मिळत नाही. कुटुंबाने बांधकामात अंगमेहनत घालायची आणि संस्थेने नफा न घेता दिलेले कर्ज हप्त्याहप्त्याने फेडायचे. घर मिळवणारा इथे दानाचा धनी ठरत नाही, व्यवहारातला पक्षकार असतो.

हा नियम आला कुठून? मिलार्ड आणि लिंडा फुलर हे अलाबामातले जोडपे. मिलार्ड वकील आणि व्यावसायिक, तिशीच्या आतच लक्षाधीश झालेले. संसार मोडायला आला तेव्हा दोघांनी संपत्ती वाटून टाकली आणि जॉर्जियातल्या कोइनोनिया या ख्रिस्ती शेतीवसाहतीत जाऊन राहिले. १९७३मध्ये मुलांना घेऊन ते झाईरला, म्हणजे आजच्या काँगोतल्या म्बांडाका या नदीकाठच्या शहरात गेले आणि तीन वर्षे तिथे घरे बांधण्याचे काम केले. १९७६मध्ये परतल्यावर त्यांनी हॅबिटॅट स्थापन केली. त्यांच्याही वाट्याला पहिला दिवस आला असणारच, पण त्यामागे हजाराहून जास्त दिवस होते. चुका दिसायला आणि त्या दुरुस्त करायला लागतो तेवढा वेळ त्यांच्यापाशी होता. आठवडाभरात माणूस आपली चूक करून निघून जातो. ती सापडते तेव्हा तो आपल्या घरी असतो.

कार्टरांच्या घरातच याचा दुसरा दाखला आहे. जिमी यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या आणि जवळपास दोन वर्षे तिथल्या दवाखान्यात परिचारिकेचे काम करत राहिल्या. पीस कोअर ही सरकारी योजना, चर्चची नव्हे. तरी माझ्या मुद्द्याला ती लागू पडते. त्या शिकलेल्या परिचारिका होत्या आणि परिचारिकेचेच काम करायला आल्या होत्या. जे काम आपल्या गावी कोणी तुमच्या हाती देणार नाही ते परमुलखात जाऊन गरिबांवर करू नये, एवढी साधी कसोटी लावली तरी सेवायात्रांतल्या निम्म्या भिंती न रंगवलेल्या राहतील.

आपल्याकडची जुनी उदाहरणे तर याहून लांब पल्ल्याची आहेत. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्याला उतरला आणि १६१६मध्ये त्याचे क्रिस्तपुराण छापून झाले; मराठी ओवी आत्मसात करायला त्याने दिलेला काळ या दोन सालांमध्ये आहे. विल्यम वॉनलेस आणि त्यांच्या पत्नी मेरी १८८९मध्ये आले, १८९४मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले, आणि डॉक्टर १९२८पर्यंत तिथेच राहिले. मिरजेत परिचारिका आणि डॉक्टर घडवले गेले म्हणूनच वॉनलेस गेल्यावरही मिरज वैद्यकीय सेवेचे गाव म्हणून टिकले. नगरला सिंथिया फरार यांनी चालवलेली मुलींची शाळा जोतिराव फुल्यांना पाहायला मिळाली ती फरार तिथे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसल्या होत्या म्हणून. मी या लोकांना देवत्व देत नाही. ते धर्मप्रसारासाठी आले होते, वसाहतवादाच्या छत्राखाली वावरले, आणि आपल्या समाजाबद्दल त्यांनी लिहिलेले बरेचसे आज वाचवत नाही. इथे वाचक विचारील, की मुळात प्रश्न धर्मांतराचा आहे, खर्चाचा नाही. तो प्रश्न खरा आहे आणि त्यासाठी वेगळा लेख लागेल. पण धर्मप्रसाराचा हेतू अजिबात नसलेल्या जोडप्यालाही माझा हिशेब तितकाच लागू आहे, आणि उघड धर्मप्रसारक असलेले वॉनलेस त्या हिशेबात पूर्ण उतरतात.

डॉक्टरांचा मुद्दा निघालाच आहे तर पुढचा आक्षेप घेऊ. शस्त्रक्रिया करायला येणाऱ्या जोडप्याने काय करावे, त्यानेही पाहुणा म्हणून बसून राहावे? १९८२मध्ये व्हर्जिनियाचे प्लास्टिक सर्जन विल्यम मॅगी आणि त्यांच्या पत्नी कॅथलीन वैद्यकीय पथकासोबत फिलिपीन्समधल्या नागा शहरी गेले. दुभंगलेल्या ओठांच्या मुलांवर शस्त्रक्रिया करायच्या होत्या. तिथे शेकडो कुटुंबे ताटकळत उभी असलेली त्यांना दिसली, आणि बहुतेकांना परत पाठवावे लागले. त्यातून ‘ऑपरेशन स्माइल’ ही संस्था निघाली आणि तिच्या पथकांनी पुढे देशोदेशी असंख्य मुलांचे चेहरे बरे केले. हे काम खोटे म्हणण्याची माझी छाती नाही. ज्या मुलाचा ओठ आज सांधला गेला त्याला स्थानिक क्षमतावृद्धीचे व्याख्यान नको असते. तरीही या क्षेत्राचा पुढचा इतिहास बोलका आहे. परत पाठवलेल्यांची रांग पथके पाठवून कधी संपत नाही, हे ओळखून १९९९मध्ये ‘स्माइल ट्रेन’ निघाली. तिने परदेशी पथके पाठवण्याऐवजी त्या त्या देशातल्या डॉक्टरांना प्रशिक्षण आणि रुग्णालयांना शस्त्रक्रियेचा खर्च देण्याचा मार्ग धरला. ऑस्कर मिळालेला ‘स्माइल पिंकी’ हा माहितीपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, की पिंकीची शस्त्रक्रिया वाराणसीच्या डॉक्टर सुबोधकुमार सिंह यांनी केली होती. ती बरी झाल्यावर डॉक्टर विमानाने परत गेले नाहीत, त्यामुळे पुढची तपासणीही त्यांच्याकडेच होऊ शकते. परदेशी शल्यविशारद आला तर त्याने स्थानिक शल्यविशारदाच्या हाताखाली किंवा त्याला शिकवायला यावे. बाकीच्यांनी, म्हणजे गोळ्या वाटायला आणि रक्तदाब मोजायला येणाऱ्यांनी, आपल्या देशात परवान्याशिवाय हे करता येते का ते आधी पाहावे.

माझे म्हणणे बाहेरच्या माणसाचा कोरडा हिशेब आहे, श्रद्धेचे मर्म त्यात नाही, असेही म्हटले जाईल. म्हणून ख्रिस्ती परंपरेच्या आतूनच पाहू. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू सत्तर जणांना दोघे-दोघे करून गावोगाव पाठवतो. त्या दोघांना तो काय सांगतो? थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरी स्वीकार होईल तिथेच राहा, घरे बदलत फिरू नका, आणि पुढे वाढले जाईल ते खा. आजाऱ्यांना बरे करण्याचे काम त्याने सांगितले आहे, पण ते ताटावर बसल्यानंतर. म्हणजे धाडलेल्या जोडीने आधी यजमानाच्या अधीन व्हायचे, रिकाम्या हाती, त्याच्या अन्नावर. आजची जोडपी याच्या नेमके उलट करतात: बॅगा भरून वस्तू नेतात, मुक्काम वेगळा ठेवतात, आणि जेवणाची यादी पुढे पाठवतात. (पोटाच्या विकारांचा धाक मला मान्य आहे; पण धाक आहे म्हणून नाते उलटे होत नाही.) पैशाचे म्हणाल तर पौलाने तोही प्रश्न सोडवून ठेवला आहे. मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा मंडळीने पसंत केलेल्या विश्वासू माणसांनी ती पोहोचवावी अशी व्यवस्था त्याने सांगितली. ग्रीक मंडळ्यांचे तांडे यरुशलेमला भिंती बांधायला गेले नाहीत.

ख्रिस्ती लोकांनी हे ओळखले नाही असेही नाही. स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट यांचे ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ २००९मध्ये आले, रॉबर्ट लप्टन यांचे ‘टॉक्सिक चॅरिटी’ २०११मध्ये. दोन्ही पुस्तके चर्चच्या आतल्या माणसांची आहेत आणि चर्चमध्येच वाचली गेली. त्याआधी १९६८मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे इव्हान इलिच या कॅथलिक विचारवंताने उत्तर अमेरिकेतून आलेल्या तरुण स्वयंसेवकांच्या सभेत तोंडावर सांगितले होते, की पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. इलिच फार कठोर बोलले असे मानले जाते. मला त्यांचे बोलणे कठोरापेक्षा अपुरे वाटते. येणाऱ्याला काय करू नये ते त्यांनी सांगितले. यजमानाला काय हवे आहे याला त्यात जागा नव्हती.

कारण शेवटचा आक्षेप यजमानांच्याच नावाने येतो: त्यांनाच हे पाहुणे हवे असतात. दूरच्या डोंगरातल्या छोट्या मंडळीला आपल्यासारखे कोणी समुद्रापलीकडून प्रार्थनेला आले याचा आनंद होतो. हा आनंद खरा आहे आणि तो तुच्छ नाही. पण पैसा घेऊन येणाऱ्या पाहुण्याला ‘येऊ नका’ म्हणणे कोणत्या पाळकाला परवडेल? गट आला नाही तर पुढच्या वर्षीची मदतही आटेल ही भीती असताना त्याच्या होकाराला पुरावा मानता येत नाही. पुरावा हवा असेल तर एक सोपी परीक्षा आहे. गटाच्या एकूण खर्चाएवढी रक्कम यजमान मंडळीपुढे ठेवावी आणि सांगावे: या पैशात आम्ही दहा जण येऊ शकतो, किंवा दोघेच येऊन बाकीचा पैसा तुम्हाला देऊ शकतो, किंवा कोणीच न येता सगळा पैसा देऊ शकतो, निवड तुमची, आणि उत्तर काहीही आले तरी नाते तुटणार नाही. काही मंडळ्या दहा जण बोलावतील. बोलावू द्यावे. त्या आमंत्रणावर गेलेल्या जोडप्याला कोणी नावे ठेवू नयेत, निदान मी ठेवणार नाही.

एका ठिकाणी मात्र यजमानाची निवडही पुरेशी नाही, कारण तिथे यजमानच संशयास्पद असतो. तो म्हणजे अनाथालय. सेवायात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेत ही भेट बहुधा पहिल्या-दुसऱ्या दिवशी असते, आणि अनोळखी जोडप्याच्या कमरेला बिलगणारी मुले पाहून भरून येणार नाही असा माणूस विरळा. पण मुलाने अनोळखी माणसाला क्षणात बिलगावे हे चांगल्या संगोपनाचे लक्षण नाही. माणसे येतात आणि जातात हे त्याने शिकून घेतल्याचे ते लक्षण आहे. कंबोडियात २०११च्या पाहणीत आढळले, की निवासी संस्थांतल्या जवळपास चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. हैतीत ‘लुमोस’ या संस्थेच्या अंदाजानुसार अनाथालयांत सुमारे तीस हजार मुले होती आणि त्यांतल्या ऐंशी टक्क्यांचे किमान एक पालक जिवंत होते. तिथल्या एक तृतीयांश अनाथालयांनाच परदेशी देणगीदारांकडून वर्षाला किमान सात कोटी डॉलर मिळत होते. आईबापांना गाठून, शाळा आणि जेवणाचे आमिष दाखवून मुले आणली जातात, कारण मुले असली की पाहुणे येतात आणि पाहुणे आले की पैसा येतो. २०१०च्या जानेवारीत भूकंपानंतर अमेरिकेतल्या बाप्टिस्ट चर्चच्या दहा जणांना हैतीच्या सीमेवर अटक झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर तेहतीस ‘अनाथ’ मुले होती. बहुतेकांचे आईवडील जिवंत निघाले. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७मध्ये या व्यवहाराची आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत दखल घेतली, आणि २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनाथालयांतल्या स्वयंसेवी पर्यटनाबद्दल सदस्य देशांना पावले उचलायला सांगितले. वाढदिवसाला अनाथाश्रमात केक नेऊन छायाचित्रे काढणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांनीही हे आकडे एकदा वाचावेत.

घर बांधणे, दवाखाना चालवणे, शाळा रंगवणे यांबाबत वर जे सुचवले त्यात मतभेदाला जागा आहे. परिस्थिती बदलली की उत्तर बदलेल. अनाथालयाच्या भेटीबाबत तशी जागा उरलेली नाही. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक चर्चने ती आपल्या कार्यक्रमपत्रिकेतून या वर्षीच काढून टाकावी, आणि तिथे द्यायचे पैसे मुलांना त्यांच्या आईवडिलांकडे परत नेणाऱ्या स्थानिक संस्थांना द्यावेत.